सनई नंबर दोन

आमच्या घरात हळू बोलणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे आप्पा, माझे वडील. बाकी आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो, कारण निपाणीत आमचं स्पीकरचं दुकान होतं आणि दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दिवसभर तिथं काही ना काही वाजत असायचं. दुरुस्तीला आलेला अँप्लिफायर, ज्याला आम्ही नुसतं मशिन म्हणायचो, तो घुमायचा. माइकची शिट्टी निघायची. थोरला भाऊ कृष्णात, म्हणजे अण्णा, एकेका कर्ण्याला वायर लावून 'हॅलो, हॅलो' करत बसायचा आणि त्या आवाजानं फडताळातली भांडी थरथरायची. आई चुलीपुढं बसून त्या सगळ्या गलक्यावर आवाज चढवून विचारायची, "जेवायला कोन कोन हाय?" आणि आतून, बाहेरून, माळ्यावरून एकदम उत्तरं यायची. वाऱ्यावर तंबाखूच्या वखारींचा उग्र वास असायचा. त्यात सोल्डरिंगच्या धुराचा आणि आईच्या मिरचीच्या खरड्याचा ठसका मिसळला, की नवखा माणूस उंबऱ्यातच शिंकायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. आप्पा मात्र या सगळ्यात मांडी घालून, मान खाली घालून, कुणाच्या कानालाही लागणार नाही अशा आवाजात बोलायचे. आई त्यांना चिडवायची. ते म्हणायचे, "आपला धंदा दुसऱ्याचा आवाज मोठा करायचा हाय. आपला न्हवं."

लग्न, बारसं, उरूस, सभा, सगळीकडं आमचे कर्णे जायचे. सीमाप्रश्नाची सभा असली की अण्णा स्वतः झाडावर चढून कर्णा बांधायचा आणि मग खाली उतरून पहिल्या रांगेत बसून घोषणा द्यायचा. त्या दिवशीचं भाडं आप्पांनी मागितलं तर त्याला राग यायचा. त्याखेरीज आमचा आणखी एक उद्योग होता, कॅसेटी भरून द्यायचा. ट्रकचे ड्रायव्हर, वखारवाल्यांची पोरं, नवी लग्न झालेली जोडपी कागदावर गाणी लिहून आणायची आणि आम्ही एका टेपवरून दुसऱ्या टेपवर ती भरून द्यायचो. सुट्टीत घरी आले की हे काम माझ्याकडं असे. दोन बटणं एकदम दाबायची, गाणं संपायच्या आधी श्वास रोखून बोट तयार ठेवायचं आणि शेवटचा सूर विरला की खट्कन थांबवायचं. मला ते छान जमायचं. आप्पा सांगायचे, "शालूनं भरलेल्या कॅसेटीत दोन गाण्यांच्या मधी खटका ऐकू येत न्हाय." मला त्याचा केवढा तरी अभिमान होता.

परवा माझी नात कुठं तरी डोंगरात फिरून आली आणि आल्या आल्या फोनवर गाण्यांची यादी करत बसली. गाडीत लागलेली, शेकोटीजवळ म्हटलेली, कुणीतरी चुकीच्या शब्दांत म्हटलेली, अशी सगळी. पाच मिनिटांत झालं, आणि तेवढ्यात तिनं ते सगळ्या मित्रमैत्रिणींना पाठवूनही टाकलं. "आजी, ट्रिप विसरू नये म्हणून," असं मला समजावून सांगितलं. मी बरं म्हटलं आणि उठून आत गेले. माझे कान तापले होते. इतक्या वर्षांनी, नातीसमोर, काही कारण नसताना. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी बेळगावला कॉलेजात होते, हॉस्टेलवर राहायचे. दुसऱ्या वर्षाला दिवाळीनंतर आमच्या वर्गाची सहल गोव्याला निघाली. घरातून परवानगी मिळणं कठीण होतं. अण्णा सरळ नाही म्हणाला. थोरली बहीण विमल, आमची आक्का, माझ्या बाजूनं बोलली. तिला शाळेनंतर शिकायला मिळालं नव्हतं आणि बेळगावच्या पुढं ती कुठं गेली नव्हती. "जाऊ द्या की तिला. आल्यावर मला सांगंल," एवढंच ती म्हणाली, आणि आप्पांनी मान हलवली. आईनं डबा भरून शेंगांच्या पोळ्या दिल्या. त्या पोळ्यांवर गाडीतल्या सगळ्या मुली तुटून पडल्या होत्या हे मला अजून आठवतं, आणि गूळ पाघळून माझ्या एकुलत्या एक चांगल्या साडीला लागला होता तेही.

रेल्वे तेव्हा अरुंद रुळांची, हळू चालणारी होती. खानापूर गेलं की जंगल खिडकीतून आत यायचं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला. त्याबद्दल मला नीट लिहिता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. माझी मैत्रीण गिरिजा, तिचा भाऊ आखातात होता, तिच्याकडं सेलवर चालणारा छोटा टेप होता. तिनं तो लाटांपुढं धरला आणि आम्ही सगळ्याजणी तोंडावर हात ठेवून गप्प उभ्या राहिलो, आपला आवाज आत जाऊ नये म्हणून. परतीच्या गाडीत अंताक्षरी झाली. मराठी, हिंदी, कन्नड, ज्याला जे येईल ते. बेळगावच्या वर्गात तसंच असायचं. बाहेर मोर्चे निघोत नाहीतर बंद होवोत, वर्गात डबा आणि गाणी यांना भाषा नसायची.

गुंजी स्टेशनात समोरून येणाऱ्या गाडीसाठी आमची गाडी बराच वेळ थांबली. इंजिन गप्प झालं. डब्यात सगळे दमले होते, निम्मे झोपले होते. तेव्हा बसवराज नावाचा आमच्या वर्गातला मुलगा, जो तीन दिवसांत फारसं बोलला नव्हता, तो एकदम गायला लागला. त्यांच्या गावाकडचं कन्नड गाणं होतं, बायका श्रावणात झोक्यावर म्हणतात तसलं. कुठल्याही कॅसेटीत नसणारं. तो समोरच्या बाकावर होता. त्यानं चष्मा काढून हातात धरला होता आणि त्याचे डोळे सरळ माझ्यावर होते. मी पदराशी चाळा करत राहिले. गिरिजाच्या टेपचे सेल संपले होते, त्यामुळं ते गाणं कुणालाच धरून ठेवता आलं नाही. गाडी हलली आणि तो थांबला. बस, एवढंच घडलं. त्याच्याशी मी त्यानंतर एक शब्दही बोलले नाही.

नाताळच्या सुट्टीत मी घरी आले ती गिरिजाची कॅसेट घेऊनच. दुपारी आप्पा आणि अण्णा कुठं तरी मांडवाच्या कामाला गेले, आई आणि आक्का आत पडल्या, की मी दुकानाचं दार लोटून बसायचे. कोरी कॅसेट मागितली असती तर कुणासाठी म्हणून विचारणं झालं असतं. आमच्याकडं सनईच्या दोन कॅसेटी होत्या. नंबर एक चांगली होती, तीच सगळीकडं जायची. नंबर दोन मधेच रडायची, म्हणून आप्पांनी ती बाजूला टाकली होती. मी ती घेतली. वरची चिठ्ठी तशीच ठेवली, 'सनई, २', आप्पांच्या बारीक अक्षरातली. मला वाटलं, याहून चांगली जागा कुठली? हिला कोण हात लावतो?

आधी समुद्र भरला. चांगला बराच वेळ. मग सहलीत म्हटलेली गाणी दुकानातल्या कॅसेटींतून शोधून एकापुढं एक घेतली, ज्या क्रमानं ती गाडीत आली होती त्या क्रमानं. आणि दोन गाण्यांच्या मधे मी बोलले. रेडिओवरच्या बाईसारखं, घोळून, प्रमाण मराठीत. हे गाणं कुठं म्हटलं, तेव्हा बाहेर काय दिसत होतं, गिरिजाची चप्पल लाटेत कशी गेली. कधी नव्हे ते आमच्या घरात मी हळू आवाजात बोलत होते, माइक ओठांना लावून, आणि तो आवाज परत ऐकताना मला वाटायचं, ही कोण बाई आहे, किती छान आहे. ती बाई आमच्या गल्लीतली नव्हती. तिला समुद्र ठाऊक होता.

बसवराजचं गाणं कुठंच मिळणार नव्हतं. म्हणून ते मीच म्हटलं, क्रम मोडून, पहिल्या गाण्यामागोमागच. शब्द अर्धेमुर्धे आठवत होते, उरलेल्या ठिकाणी नुसतं गुणगुणले. त्याआधी मी जे बोलले ते शब्दाशब्दानं सांगते, कारण ते मला विसरणं शक्यच नाही. "गुंजी स्टेशन. गाडी थांबलेली. आता हे गाणं बसवराजचं. तो माझ्याकडं बघून म्हणत होता." मग एक थांबा. मग हसल्याचा अगदी बारीक आवाज, आणि, "निदान मला तसं वाटलं."

माघ महिन्यात आक्काचा साखरपुडा ठरला, मी त्यासाठी बेळगावहून घरी आले. स्थळ कोगनोळीचं होतं, उसाची शेती असलेलं, चांगलं घर. मुलगा शांत होता. आक्काला तो आवडला होता हे तिच्या चालण्यावरून कळायचं. दारात मांडव घातला, आप्पांनी घरचं कार्य म्हणून ठेवणीतले कर्णे बाहेर काढले. दोन मांडवाला, एक समोरच्या कडुनिंबावर, एक पार गल्लीच्या तोंडाला, पाहुण्यांना घर सापडावं म्हणून. शिरा आणि मसालेभाताचा वास सुटला होता. मी सकाळपासून आक्काच्या मागं होते. तिच्या वेणीत गजरा मी माळला होता. कॅसेटीचं मला काही म्हणजे काहीच ध्यानात नव्हतं.

मुलाकडची मंडळी येऊन बसली. चहा झाला. आक्काला पाटावर आणून बसवलं. भटजींनी सुरुवात करायची आणि त्याच वेळी सनई नंबर एकची कॅसेट टेपमधे गुंतली. अण्णानं ती बाहेर काढली, दोरा निघावा तशी फीत लोंबायला लागली. सनई थांबली की सगळ्यांच्या माना वळतात. अण्णानं घाईनं खोक्यात हात घातला आणि नंबर दोन काढून लावली.

चारी कर्ण्यांतून समुद्र वाजायला लागला.

कुणाला कळलं नाही. मलासुद्धा नाही. मोठा, घोगरा, येऊन जाणारा खरखराट. आप्पा मुलाच्या वडिलांशेजारी बसले होते, ते ताडकन उठले. त्यांना वाटलं अर्थिंग गेलं. ते आणि अण्णा दोघंही मशिन सोडून वायरी बघत मांडवाच्या खांबापाशी गेले, तिथून कडुनिंबाखाली. "हितं ढिली हाय का बघ रं," आप्पांचा आवाज आला. तेवढ्यात मला लाट ओळखू आली. मी आक्काच्या मागून उठले, पण मधे पाहुण्या बायका होत्या, ताटं होती, पानसुपारी होती. लाट ओसरली आणि ती बाई बोलायला लागली.

मी मशिनपर्यंत पोचू शकले नाही. खरं सांगायचं तर, आवाज आल्यावर मी पुढं पाऊलच टाकू शकले नाही. पहिलं गाणं मी अर्ध्यावरच तोडलेलं होतं, ते लवकर संपलं. मग गिरिजाच्या चपलेची गोष्ट झाली. पाहुणे हसले, त्यांना वाटलं कार्यक्रमच आहे. आई चुलीपासून उठून दारात आली, हात शिऱ्यानं भरलेले. तिनं आवाज ओळखला होता. "ही आमची शालू बोलतीया न्हवं?" ती म्हणाली, आणि घरात सवय तशी ओरडूनच म्हणाली. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. अण्णा कडुनिंबाखालून धावला, पण त्याच्या पायात वायर आली आणि तो पडला. तो उठेपर्यंत गुंजी स्टेशन आलं होतं.

बसवराजचं नाव कर्ण्यातून गल्लीच्या तोंडापर्यंत गेलं. मग तो थांबा. मग ते हसणं. चार कर्ण्यांतून माझं ते बारीक हसणं केवढं मोठं झालं होतं! निदान मला तसं वाटलं. आणि मग मी गायला लागले, बेसूर, मोडक्या कन्नडात, आणि दोन ओळींवर अण्णानं मशिनची वायरच उपटली.

मुलाची एक म्हातारी आत्या खो खो हसत सुटली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण त्यानं बाकीच्यांना मोकळीक मिळाली. मी आक्काकडं बघितलं. तिच्या कपाळावर नुकतं कुंकू लावलं होतं आणि ती माझ्याकडं बघत होती, रागानं नाही, घाबरून. स्थळ हातचं जातं की काय या भीतीनं तिचे ओठ पांढरे पडले होते. तो चेहरा मला त्या हसण्यापेक्षा जास्त लागला.

स्थळ गेलं नाही. साखर वाटली, नारळ दिले, जेवणं झाली. आक्का आजही कोगनोळीत आहे, तिची नातवंडं हायवेच्या कडेला ऊस वाहून नेणाऱ्या ट्रकांकडं बघत मोठी झाली. पण निघताना मुलाचे चुलते आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांच्या देखत म्हणाले, "धाकटीचंबी बघून टाका आता लवकर. ग्वाड गाती." आप्पांनी हात जोडले.

संध्याकाळी अण्णानं ती कॅसेट अंगणातल्या पाण्याच्या बंबात घातली. प्लॅस्टिकच्या त्या वासाचं पाणी दोन दिवस आम्ही अंगावर घेतलं. "कॉलेज बास," तो म्हणाला. "हितं आमी सीमेसाठी काठ्या खायच्या आन् हिनं कानड्याची गाणी म्हनायची. लाज न्हाय." लाज होती. लाजेशिवाय माझ्याकडं दुसरं काही उरलंच नव्हतं. मी परसात, भांड्यांपाशी, आक्काच्या खोलीत, जिथं माणसं नाहीत तिथं बसायला लागले. आई माझ्याशी बोलायची, पण डोळ्यांत बघायची नाही. आक्कानं एकदाच विचारलं, "खरंच बघत हुता व्हय गं?" आणि मी भिंतीकडं तोंड केलं.

गल्लीतल्या पोरांना तर खेळणंच मिळालं. मी दळणाला निघाले की पानपट्टीवरून कुणीतरी नाजूक आवाज काढायचा, "निदान मला तसं वाटलं." पुढं ते इतकं रुळलं की माझा संबंधही राहिला नाही. क्रिकेट खेळताना कुणी आउट दिलं की म्हणायचे, बाजारात भाव विचारला की म्हणायचे. मी तिथून गेले नसले तरी माझं वाक्य निपाणीत एकटंच फिरत होतं. आवाज मोठा करून द्यायचा आमचा धंदा खरा, पण तो परत लहान करायचं मशिन आमच्याकडं नव्हतं.

आप्पा चार-पाच दिवस माझ्याशी काहीच बोलले नाहीत. मग एका दुपारी त्यांनी मला दुकानात हाक मारली. ते वायरींची वेटोळी करत होते. मी दाराशी उभी राहिले. आता सुटका नाही असं मनाशी म्हटलं.

"त्ये पयल्यांदा जे खरखरत हुतं," ते म्हणाले, "त्ये काय हुतं?"

"समुद्र, आप्पा."

त्यांनी वेटोळं खाली ठेवलं. "समुद्र?"

"गिरिजानं टेप धरला होता लाटांपुढं."

"असा वाजतोय व्हय." आप्पांनी समुद्र पाहिलेला नव्हता. "आन् मी अर्थिंग बघत फिरतोय." मग पुन्हा वायर हातात घेऊन म्हणाले, "सोमवारी जा बेळगावला. परीक्षा हाय तुजी. किस्नाताचं मी बघतो."

सोमवारी ते स्वतः माझी ट्रंक घेऊन मला गाडीवर घालायला निघाले. मी म्हटलं मागच्या बोळातनं जाऊ. ते म्हणाले, "बोळात चिक्कल असतोय," आणि भर पेठेतनं चालायला लागले. पानपट्टीपाशी अपेक्षेप्रमाणं तो नाजूक आवाज आला. आप्पा थांबले. त्यांनी ट्रंक खाली ठेवली, हात झाडला, ट्रंक दुसऱ्या हातात घेतली आणि आधीच्याच चालीनं पुढं निघाले. मला वाटलं जमिनीनं मला पोटात घ्यावं. मला हसतात म्हणून तसं वाटलं असं नाही. त्यांना हे माझ्यामुळं ऐकावं लागतं, म्हणून.

बेळगावला जरा सुटेन असं वाटलं होतं. पण निपाणीची दोन मुलं आमच्याच कॉलेजात होती. आठवड्यात सगळ्या वर्गाला माहीत झालं. मी मागच्या बाकावर, खांबाआड बसायला लागले. एक दिवस ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसवराज समोर आला. माझ्या हातात पुस्तकं होती, ती मी छातीशी धरली. गिरिजा शेजारी होती, तिला मी जाऊ दिलं नाही.

"शालिनी, मी एक सांगू का?" तो म्हणाला. त्याचं मराठी जरा अडखळत यायचं. तो माझ्याहून जास्त लाजला होता, गळ्यापर्यंत लाल झाला होता. "रागवू नको. मला गाताना माणसं दिसली की गाता येत नाही. म्हणून मी चष्मा काढतो. चष्मा काढला की मला समोरचं काहीच दिसत नाही. नुसतं धुकं. समोर तू बसली होतीस ते मला गाणं झाल्यावर कळलं."

मी "हो का" म्हटलं. अगदी एवढंच, जसं काही कुणी वेळापत्रक बदलल्याचं सांगावं. तो आणखी काहीतरी चांगलं बोलायला बघत होता, त्याला सापडलं नाही, आणि तो गेला. गिरिजानं माझा दंड धरला. मला रडू आलं नाही. त्याच्याही पलीकडचं काही होतं. आक्काचे पांढरे पडलेले ओठ, आईचे शिऱ्यानं भरलेले हात, चुलत्यांपुढं जोडलेले आप्पांचे हात, त्यांनी पेठेत बदललेला ट्रंकेचा हात. हे सगळं ज्याच्यासाठी झालं ते झालंच नव्हतं. धुकं होतं.

पुढच्या रविवारी हॉस्टेलच्या बाईंनी सांगितलं की तुझे वडील आलेत. आप्पा फाटकाशी उभे होते. अंगात साखरपुड्याचा कोट, डोक्याला धुतलेली टोपी, हातात आईनं दिलेला भडंगाचा पुडा. मशिनचा पार्ट घ्यायला आलतो म्हणाले. पण रविवारी पार्टची दुकानं बंद असतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? आम्ही स्टँडजवळच्या एका हॉटेलात जाऊन बसलो. त्यांनी माझ्यासाठी इडली मागवली, स्वतःला नुसता चहा. बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिले.

"त्यो पोरगा," ते शेवटी म्हणाले, नेहमीपेक्षाही हळू. "कुठल्या गावचा?"

मी मान खाली घातली.

"भिऊ नगंस. किस्नाताला सांगून आलेलो न्हाय मी. कानडी हाय, ठावं हाय मला. माणसं चांगली असली तर..." त्यांनी बशी खाली ठेवली. "तोंड चुकवत फिरण्यापरीस इचारून बघावं म्हटलं. त्याच्या वडलांना भेटतो. शिक्षण झाल्यावर बघू पुढचं, पर शबूद तर टाकून ठेवू."

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा शपथ घालतील. याची तयारी मी केली नव्हती. मी सगळं सांगितलं. चष्म्याचं, धुक्याचं. "तो कुणाकडंच बघत नव्हता, आप्पा. मलाच तसं..." पुढचे शब्द तेच होते, म्हणून मी तिथंच थांबले.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. सुटलो एकदाचा, असं त्यांना वाटायला हवं होतं. अण्णाशी भांडण नाही, भावकीत बोलणं नाही, कानडी सोयरीक नाही. पण त्यांचा चेहरा उतरला. लहान मुलाचं काही हरवल्यावर उतरतो तसा.

"कुनाकडंच न्हाय?"

"न्हाय."

"आरं आरं," ते म्हणाले. मग इडलीची बशी त्यांनी माझ्याकडं सरकवली. मी खाल्ली नाही. जरा वेळानं ते स्वतःशीच हसले, कसनुसं. "मी येताना गाडीत कानडीत जुळवत आलतो. तवंदीचा घाट चढल्यापासनं पार काकतीपतूर. बाजारातलं कानडी येतंय मला, पर पोरीचं बोलायचं म्हंजे येगळं. मोठ्यानं म्हनून बघत हुतो तर शेजारचा मानूस उठून दुसरीकडं बसला."

"काय जुळवलं होतं?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

आप्पांनी कोटाची बटणं नीट केली. पाठ ताठ केली. आणि त्या भरल्या हॉटेलात, मी जन्मात ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले, "नम्म मगळु भाळ शाण्याकि अदाळ्री." आमची मुलगी फार शहाणी आहे.

पलीकडच्या टेबलावरचे एक पागोटेवाले म्हातारे वळून बघायला लागले. आप्पांनी त्यांच्याकडं बघून अदबीनं मान लववली. त्या म्हाताऱ्यांनीही लववली. माझी मान काही वर झाली नाही.